गावाचा पैसा गावात राहावा म्हणून: कोल्हापूर जिल्ह्यात सहकारी संस्था सुरू करणाऱ्यांसाठी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत चावडीपासून एसटी थांब्यापर्यंत चालत गेलं तरी दोन-तीन पाट्या दिसतात. विकास सेवा सोसायटी असते, दूध संस्था असते, पतसंस्था असते. नदीकाठचं गाव असेल तर पाणीपुरवठा संस्थाही असते. एकेका घरात तीन-चार संस्थांचे भागाचे दाखले ट्रंकेत जपून ठेवलेले असतात. तरीसुद्धा गावी परतलेली तरुण मुलं आणि बचत गटातल्या महिला "आम्हाला आमची संस्था काढायची आहे, काय करावं लागतं?" असं विचारत येतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो. त्यांना बहुधा नोंदणीच्या कागदांची यादी हवी असते. ती यादी या लेखात आहे, पण बरीच पुढे. ज्या संस्था दोन-तीन वर्षांत कुलूपबंद होतात, त्यांचे नोंदणीचे कागद सहसा चोख असतात. त्यांच्याकडे रोजचा धंदा नसतो आणि हिशेब विचारणारा सभासद नसतो. म्हणून सुरुवात तिथून करू.

कोल्हापुरात हे कशामुळे रुजलं

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि इथल्या गुळाला हक्काचा बाजार मिळाला. १९१३ मध्ये कोल्हापूर अर्बन बँक सुरू झाली, १९३८ मध्ये जिल्हा मध्यवर्ती बँक, आणि १९३९ मध्ये तात्यासाहेब मोहित्यांचा शेतकरी सहकारी संघ. संघाचं 'बैल छाप' खत जिल्ह्यातल्या जुन्या शेतकऱ्यांना अजून आठवतं. १९५०च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांनी वारणेच्या माळावर साखर कारखाना उभा केला आणि त्याच्या भोवती पुढे दूध संघ, ग्राहक भांडार, शाळा-महाविद्यालयं उभी राहिली. १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ, म्हणजे आपलं 'गोकुळ', स्थापन झालं.

नवी संस्था काढणाऱ्याने यातल्या दूध संस्थेचा अभ्यास सर्वांत आधी करावा असं माझं ठाम मत आहे. कारखाना डोळ्यांत भरतो, पण शिकण्यासारखं दूध संस्थेत जास्त आहे. सकाळ-संध्याकाळ म्हैसवाला किटली घेऊन येतो. माप त्याच्या डोळ्यांसमोर होतं. फॅट (दुधातली चरबी) आणि एसएनएफ (चरबी सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मशीनवर दिसतं, पावतीवर छापून येतं. म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफ हे प्रमाण धरून दर ठरतो, हे शाळेत न गेलेल्या आजीलाही माहीत असतं. दर दहा दिवसांनी बिल निघतं. पशुखाद्याची उचल त्याच बिलातून वळती होते, म्हणून उधारी तुंबत नाही. दिवाळीच्या तोंडावर वर्षभरात घातलेल्या दुधाच्या प्रमाणात दरफरक मिळतो.

यात तीन गोष्टी आहेत. व्यवहार रोजचा आहे, मोजमाप समोर होतं आणि पैसे ठरल्या दिवशी मिळतात. चूक झालीच तर दहा दिवसांत सभासदाच्या लक्षात येते. ऊस वर्षातून एकदा जातो, वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, उताऱ्याचा (उसातून किती साखर निघाली त्याचा) आकडा सभासदाला स्वतः तपासता येत नाही. म्हणून तिथे अविश्वासाला जागा राहते आणि भांडणं वर्षानुवर्षं चालतात. तुमचा धंदा कोणताही असो, तो दूध संस्थेच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या.

पहिली पायरी: गावाचा खर्च लिहून काढा

'आपण काय विकूया' या प्रश्नाने सुरुवात केली की लोणची-पापडाच्या पुढे गाडी जात नाही. त्याआधी पंधरा-वीस घरांत बसा आणि महिनाभरात गावाबाहेर जाणाऱ्या पैशाचं पान लिहा. पशुखाद्य किती, खतं-औषधं किती, किराणा किती, ट्रॅक्टरची भाडी, लग्नाच्या मंडपाची भाडी, मुलांच्या शिकवण्या, दवाखाना. दुसऱ्या पानावर गावातून विकलं जाणारं: दूध, ऊस, भाजी, गूळ, भात, शिलाईकाम, चप्पल, मजुरी. प्रत्येकासमोर लिहा: कोणाला विकतो, तो पुढे किती दराने विकतो, पैसे किती दिवसांनी मिळतात.

आजऱ्यात ही कागदं भरली तर घनसाळ तांदूळ पुढे येईल. त्याला भौगोलिक मानांकन (त्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं असा हक्क) आहे, पण भात काढणीच्या वेळी घाईने विकला तर त्या नावाचा फायदा शेतकऱ्याच्या पदरात पडत नाही. कोल्हापूर शहरात चप्पल कारागिरांच्या वस्तीत भरली तर कातड्याची खरेदी आणि व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल पुढे येईल. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालं. पण ते वापरायला कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करावी लागते, आणि एकट्याने हे कागद करण्यापेक्षा वीस जणांनी मिळून करणं सोपं पडतं. इचलकरंजीत वेगळं चित्र दिसेल, गगनबावड्यात आणखी वेगळं. शेजारच्या तालुक्यात चाललेला धंदा तुमच्याकडे चालेलच असं नाही, म्हणून हे पान तुमच्याच गावात भरायला हवं.

दुसरी पायरी: आहे ती संस्था बघा

गावात त्याच कामाची संस्था असेल तर नवी काढण्याआधी जुनीत शिरून बघा. नव्या दूध संस्थेमुळे गावाचं दूध दोन ठिकाणी वाटलं जातं, दोन सचिवांचे पगार होतात आणि दोघींचाही दर पडतो. राजकारणासाठी फुटलेल्या संस्थांचं ओझं अनेक गावं वाहत आहेत.

तुम्ही आधीच सभासद असाल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मधलं कलम ३२ वाचा. सभासदाला संस्थेचे पोटनियम (संस्थेची स्वतःची नियमावली), शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयाच्या वेळेत फुकट बघता येतात. नक्कल हवी असेल तर फी भरून मिळते. हा हक्क वापरणारे फार थोडे आहेत. एकदा सौजन्याने लेखी अर्ज देऊन बघा. सचिव कपाट उघडून देतो की "चेअरमनना विचारून सांगतो" म्हणतो, यावरून त्या संस्थेची तब्येत कळते.

जुनी संस्था बरी चाललेली असेल तर तिच्याच पोटनियमांत नवं काम बसवता येतं. सेवा सोसायटी पीककर्जाच्या पुढे जाऊन खत दुकान, धान्य गोदाम, अवजारांचं भाड्याने देणं असं बरंच काही करू शकते. त्यासाठी सर्वसाधारण सभेत ठराव करून पोटनियम दुरुस्ती निबंधकाकडे, म्हणजे संस्थांची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, पाठवावी लागते. कष्ट कमी आणि जागा, काटा, कपाट आयतं.

तिसरी पायरी: नोंदणीशिवाय एक हंगाम करून बघा

या पायरीवर मी सर्वांत जास्त जोर देतो, आणि नेमकी हीच गाळली जाते.

उदाहरण घेऊ. मार्च-एप्रिल म्हणजे घरोघरी चटणी करण्याचा हंगाम. चाळीस घरांनी ठरवलं की मिरची एकत्र आणायची. गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी जवारी मिरचीचे सौदे निघतात, तिथून. प्रत्येक घराला ६ किलो, म्हणजे २४० किलो. दर समजा ३०० रुपये किलो धरला तर खरेदी ७२,००० रुपयांची. (दर दरवर्षी बदलतो, इथे फक्त हिशेबाची रीत बघा.) प्रत्येक घराने १,००० रुपये भाग म्हणून आणि १,००० रुपये आगाऊ दिले की हातात ८०,००० येतात. कर्ज लागत नाही. गाडीभाडं १,८००, हमाली आणि पोती ७००, पावती पुस्तकं व किरकोळ ५००. एकूण खर्च ३,०००. सभासदांना मिरची ३२० रुपयांनी दिली तर विक्री ७६,८००. खरेदी आणि खर्च वजा जाता शिल्लक राहतात १,८०० रुपये.

इथे नवशिके निराश होतात: एवढी धावपळ करून अठराशेच? पण गावातल्या दुकानात तीच मिरची ३८० रुपयांना मिळत असेल, तर प्रत्येक घराचे किलोमागे ६० रुपये, म्हणजे ३६० रुपये वाचले. चाळीस घरांचे मिळून १४,४००. संस्थेच्या वहीत १,८०० दिसतात, गावाच्या खिशात १४,४०० राहिले. ग्राहकांच्या आणि उत्पादकांच्या संस्थेचा खरा हिशेब असाच दोन ठिकाणी मांडावा लागतो. फक्त संस्थेचा नफा बघणारा चेअरमन हळूहळू सभासदालाच महाग माल विकायला लागतो.

याच हिशेबातून दुसरी गोष्टही कळते. अठराशे रुपयांत सचिवाचा एका महिन्याचा पगारही निघत नाही. फक्त चटणीच्या हंगामावर नोंदणीकृत संस्था उभी राहू शकत नाही. तिला वर्षभराचं काम जोडावं लागेल: हळद, कडधान्यं, तेल, पशुखाद्य, किंवा तयार कांदा-लसूण मसाल्याची विक्री. असं काम जुळेपर्यंत बचत गट किंवा साधा गट म्हणूनच चाला. त्यात कमीपणा काही नाही.

पहिल्या हंगामात माणसंही कळतात. आगाऊ पैसे कोणी दिले, कोण "उद्या देतो" म्हणाला, पोतं उतरवायला कोण आलं, वजन कमी भरल्यावर कोण कसं बोललं. पुढच्या मुख्य प्रवर्तकाचं, म्हणजे नोंदणीसाठी पुढाकार घेणाऱ्याचं, नाव इथेच ठरतं.

चौथी पायरी: कोणतं रूप घ्यायचं

बचत गट हा दहा ते वीस महिलांचा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख नोंदी ही त्याची पंचसूत्री. 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून गटांचे ग्रामसंघ आणि प्रभागसंघ होतात, बँकेची जोडणी मिळते. सुरुवातीला याहून बरी शाळा नाही. मात्र व्यापार वाढला, माल साठवायचा झाला, मोठे करार आले की गट अपुरा पडतो.

सहकारी संस्था १९६० च्या अधिनियमाखाली नोंदवली जाते. वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा व्यक्ती लागतात. किती भाग घेतले तरी एका सभासदाला एकच मत. शासन वगैरे सोडलं तर कोणाही एका सभासदाला एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशाहून जास्त भाग धरता येत नाहीत. लाभांशाला सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो. वरच्या उदाहरणात १,८०० पैकी ४५० राखीव निधीत गेले असते. या अटी काहींना जाचक वाटतात. मला त्या या रूपाचा कणा वाटतात, कारण पैशावाल्याला संस्था विकत घेता येऊ नये अशीच त्यांची रचना आहे.

शेतकरी उत्पादक कंपनी हे तिसरं रूप. २००२ च्या दुरुस्तीने ते कंपनी कायद्यात आलं. किमान दहा उत्पादक आणि पाच संचालक लागतात, वैयक्तिक सभासदांना इथेही एक सभासद एक मत. निबंधकाचा हस्तक्षेप कमी, जिल्ह्याबाहेर-राज्याबाहेर व्यापार सोपा. पण कंपनीचे कागद दरवर्षी वेळेत भरावे लागतात, सीएची फी ठरलेली असते, आणि उशिराचा दंड छोट्या कंपनीला झेपत नाही. अनुदानासाठी काढलेल्या आणि नंतर निपचित पडलेल्या कंपन्या बऱ्याच आहेत. भाजी, फळं, गूळ, तांदूळ लांबच्या बाजारात विकायचा असेल तर कंपनी बघा. गावातल्या गावात सेवा द्यायची असेल तर सहकारी संस्था.

पाचवी पायरी: सभासद कोण

कायदा दहा म्हणतो. कामासाठी तीस-चाळीस बरे. सभासद करताना एकच प्रश्न विचारा: हा माणूस आपल्या संस्थेशी व्यवहार करणार का? दूध न घालणारा दूध संस्थेत, चप्पल न करणारा कारागीर संस्थेत, असे सभासद मतदानाच्या दिवशीच दिसतात. ज्या व्यापाऱ्याशी संस्थेची स्पर्धा आहे त्याला किंवा त्याच्या घरच्याला संचालक मंडळात घेऊ नका, तो कितीही भला असला तरी.

एकाच भावकीचे, एकाच तालमीचे, एकाच गटाचे लोक घेऊन संस्था काढली की पहिले सहा महिने मजेत जातात. नंतर उरलेलं गाव तिला 'त्यांची संस्था' म्हणतं आणि व्यवहार वाढत नाही. सुरुवातीच्या यादीतच सगळ्या गल्ल्यांची, सगळ्या वाड्या-वस्त्यांची माणसं बसवा. घरातल्या पुरुषाच्या नावाने भाग आणि धार काढणारी बाई, ही पद्धतही बदला. काम जिच्या हातचं, भाग तिच्या नावावर.

भागाची रक्कम अशी ठेवा की भरताना जरा विचार करावा लागेल, पण गरिबाला बाहेर राहावं लागणार नाही. मोठा भाग असेल तर हप्त्याने भरू द्या. शासकीय भागभांडवल किंवा अनुदान मिळालं तर घ्यावं, मात्र पहिला पैसा सभासदांचाच असावा. घरचा पैसा गुंतलेला माणूस सभेला येतो.

सहावी पायरी: नोंदणी

आता कागद. आधी कोणत्या कार्यालयात जायचं ते नक्की करा. साधारण संस्थांसाठी तालुक्याचे उपनिबंधक किंवा सहायक निबंधक, सहकारी संस्था. दूध संस्थांसाठी दुग्ध विभागाचे सहायक निबंधक. सूतगिरणी आणि साखर कारखान्यांची कार्यालयं वेगळी. दूध संस्थेला किमान संकलनाचे आणि जुन्या संस्थेसंबंधीचे निकष असतात, ते आधी विचारून घ्या.

प्रवर्तकांची सभा घ्या. तिच्यात संस्थेचं नाव (पर्यायी दोन नावंही), कार्यक्षेत्र, उद्देश, भागाची रक्कम ठरवा आणि मुख्य प्रवर्तक निवडा. इतिवृत्त लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. मुख्य प्रवर्तकाने नाव आरक्षित करण्यासाठी आणि बँकेत खातं उघडण्याच्या परवानगीसाठी अर्ज करायचा. परवानगी आली की भागाची आणि प्रवेश फीची रक्कम संस्थेच्या नियोजित नावाने बँकेत भरायची. ही रक्कम नोंदणी होईपर्यंत तशीच ठेवायची. त्यातून चहापाण्याचाही खर्च करू नका.

मग प्रस्ताव: 'अ' नमुन्यातला अर्ज, पोटनियमांच्या चार प्रती, प्रवर्तकांची यादी ओळख आणि पत्त्याच्या पुराव्यांसह, बँकेचा शिल्लक दाखला, आणि संस्था आर्थिकदृष्ट्या कशी चालेल याचा अहवाल. या अहवालासाठी लोक बाहेर पैसे देऊन छापील मजकूर आणतात. तुमच्याकडे एका हंगामाचा खरा हिशेब आहे, तोच मांडा. अधिकाऱ्यालाही तो वाचायला आवडतो.

पोटनियमांचा आदर्श नमुना कार्यालयात मिळतो. तो तसाच्या तसा सही करून देऊ नका. एक संध्याकाळ काढा आणि सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचा. उद्देश, कार्यक्षेत्र, सभासदत्वाची अट, उधारीची मर्यादा, नफ्याची वाटणी, संचालकांची संख्या, ही कलमं तुमच्या धंद्याला बसतात का ते पाहा. नफ्यातून भागावर लाभांश देण्यापेक्षा व्यवहाराच्या प्रमाणात फरक देण्यावर भर ठेवा. इंग्लंडातल्या रॉचडेल गावच्या २८ जणांनी १८४४ मध्ये दुकान काढलं तेव्हा हीच रीत ठेवली होती, आणि आपल्या दूध संस्था दिवाळीला तेच करतात.

निर्णयासाठी कायद्यात दोन महिन्यांची मुदत आहे. त्रुटी निघाली तर ती लेखी मागून घ्या आणि लेखीच पूर्तता करा. प्रमाणपत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत पहिली सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. खाण्याचे पदार्थ असतील तर अन्न परवाना, विक्री वाढली तर जीएसटी, आणि काटा कोणताही असो, वैधमापन खात्याचा शिक्का. हे शेवटचं विसरू नका.

पहिलं वर्ष: दप्तर आणि सचिव

संस्था खऱ्या अर्थाने सचिव चालवतो. चेअरमन बदलतात, तो राहतो. म्हणून नातलगाची सोय म्हणून सचिव नेमू नका. वाणिज्य शाखेची, गावातच राहणारी, संगणक येणारी मुलगी मिळाली तर उत्तम. पगार कमी असला तरी ठरल्या तारखेला द्या.

किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) रोजच्या रोज. खतावणी (खातेनिहाय नोंद) आठवड्याला. तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाकींचा गोषवारा) महिन्याला, आणि ती संचालकांच्या मासिक सभेत वाचायची. रोख शिल्लक किती ठेवायची याची मर्यादा ठरावाने घालून घ्या. वरचा पैसा दुसऱ्या दिवशी बँकेत. धनादेशावर दोन सह्या. कोरे धनादेश सही करून सचिवाकडे ठेवायची सवय कितीतरी संस्थांत आहे आणि अफरातफरीची बहुतेक प्रकरणं तिथेच सुरू होतात.

उधारीबद्दल कडक राहा. येणं जिथून वळतं करता येईल तिथेच उधारी द्या. सेवा सोसायटीचं पीककर्ज उसाच्या बिलातून वळतं होतं, पशुखाद्य दुधाच्या बिलातून. असा दुवा नसेल तर रोखीने विका. संचालकांनी स्वतः उधारी घेऊ नये असा पहिल्याच सभेत ठराव करा, म्हणजे पुढे कोणाला 'नाही' म्हणताना अवघडायला होत नाही.

पंचगंगा, कृष्णा, वारणेच्या काठच्या गावांना आणखी एक सांगणं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात घरांसारखीच कार्यालयंही पाण्यात गेली. दप्तर वरच्या मजल्यावर ठेवा आणि सभासद नोंदवही, भागांची यादी, येणे बाकी यांची प्रत दर महिन्याला गावाबाहेर कुठेतरी राहील अशी सोय करा. नोंदवही गेली तर पुढची दोन वर्षं नुसत्या वादात जातात.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. लेखापरीक्षण चार महिन्यांत आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. लेखापरीक्षक शासनाच्या नामतालिकेतून सभेनेच नेमायचा असतो. त्याने दाखवलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल पाठवणं हे संचालकांचं कर्तव्य आहे. लेखापरीक्षणात 'अ' वर्ग मिळाला म्हणून फलक लावण्याआधी अहवालातली शेवटची पानं सभेत वाचा.

सभा

कोल्हापूरच्या वार्षिक सभा सगळ्यांना माहीत आहेत. एका बाजूने "मंजूर, मंजूर", दुसऱ्या बाजूने "नामंजूर, नामंजूर", आणि दहा-वीस मिनिटांत सभा गुंडाळली जाते. मोठ्या संस्थांचं तुमच्या हातात नसेल. पण तुमच्या चाळीस जणांच्या संस्थेत ही पद्धत येऊ देऊ नका. मला या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं, कारण सभासदाचा मालकी हक्क वापरायची जागा वर्षातून बहुधा हीच एक असते.

नोटीस आणि अहवाल चौदा दिवस आधी घरोघरी पोचवा. अहवालाच्या पहिल्या पानावर चार आकडे मोठ्या अक्षरात छापा: किती माल आला, सभासदाला सरासरी काय दर दिला, व्यवस्थापन खर्च किती झाला, येणे बाकी किती. गेल्या वर्षीचे आकडे शेजारी. बाकीचा ताळेबंद मागे असू दे. सभेची वेळ धारा काढायच्या वेळेशी भिडू नये, म्हणजे महिला येतील. सभेच्या आधी दोन दिवस गल्लीनिहाय छोट्या बैठका घ्या. चाळीस माणसांसमोर न बोलणारी बाई दहा जणींत नेमका प्रश्न विचारते. लेखी आलेल्या प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर द्या आणि दोन्ही इतिवृत्तात लावा. जेवणावळ करायची असेल तर हिशेब वाचून झाल्यावर.

निवडणूक लागली की पॅनेल होणार, गट पडणार. बिनविरोध निवडणुकीने खर्च वाचतो, पण सलग तीन वेळा बिनविरोध झालेल्या मंडळाला कोणी प्रश्नच विचारत नाही, हेही मी पाहिलं आहे. दोन वेळा संचालक झालेल्याने एक वेळ थांबायचं, असा संकेत पहिल्या मंडळाने स्वतःवर लागू केला तर तो टिकतो. नंतर कोणी लावू शकत नाही. जिल्हा संघाला किंवा मध्यवर्ती बँकेला संस्थेचा मतदार प्रतिनिधी म्हणून ज्याच्या नावाचा ठराव द्यायचा, तोही उघड सभेत ठरवा. त्या ठरावाची किंमत वरच्या निवडणुकीत फार मोठी असते आणि गावाच्या संस्था त्यापायीच फुटतात.

दुसरा धंदा कधी घ्यायचा

पहिला धंदा चालला की इमारत बांधायची हौस येते. थांबा. राखीव निधी आणि स्वतःचं भागभांडवल मिळून चालू भांडवलाची गरज बाहेरच्या कर्जाशिवाय भागते का, हे पाहा. वर्षभरात निम्म्याहून जास्त सभासदांनी प्रत्यक्ष व्यवहार केला का, हे नोंदवहीवरून मोजा. येणे बाकी गेल्या वर्षीपेक्षा वाढली नाही ना, हे पाहा. तिन्हींचं उत्तर सलग दोन वर्षं चांगलं आलं तर पुढचं काम घ्या, आणि ते पहिल्याला लागून असलेलं घ्या. वारणेत आधी कारखाना झाला आणि त्याच्या सभासदांच्याच गरजांतून दूध, भांडार, शिक्षण वाढत गेलं. मिरची आणणाऱ्या गटाने कांडप यंत्र घ्यावं. कांडप यंत्र वर्षभर चालायला लागलं की हळद-धने घ्यावेत. मग पाकीट, मग लेबल, मग कोल्हापूर-पुण्याची दुकानं. नव्या यंत्रासाठी योजना असतात. अन्नप्रक्रियेच्या योजनांची माहिती तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, कारागिरांसाठी जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. योजनांच्या अटी आणि मुदती बदलत राहतात, म्हणून जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नका. अनुदान हिशेबात धरण्याआधी ते न मिळाल्यास यंत्र परवडतं का, हे गणित करून पाहा. परवडत नसेल तर आणखी एक हंगाम भाड्याच्या कांडपावर काढा.